गरम इंजिनवर पुन्हा पुन्हा लागणारा ऑइलचा दिवा: जुन्या गाडीतील कमी ऑइल प्रेशरचे निदान

जुन्या गाडीचे इंजिन थंड असताना ऑइलचा लाल दिवा चटकन विझतो, गाडी बराच वेळ व्यवस्थित चालते, आणि इंजिन पूर्ण गरम होऊन आयडलिंगवर (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतेच चालू) आले की तोच दिवा मिणमिणू लागतो. ॲक्सिलरेटर जरासा दाबला की तो जातो, पाय काढला की परत येतो. ऑइल बदलून होते, फिल्टर बदलून होतो, प्रेशर स्विचही नवा बसतो, काही दिवस बरे जातात आणि तक्रार पुन्हा उभी राहते. असे वारंवार होण्याचे मुख्य कारण माझ्या मते एकच आहे: दाब प्रत्यक्ष किती आहे आणि तो कोणत्या तापमानाला, किती आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) घसरतो, हे मोजण्याआधीच सुटे भाग बदलायला सुरुवात होते. दाब मोजणारा गेज लावून घेतलेल्या चार-पाच नोंदींवरून, इंजिन न उघडताही, दोष कोणत्या बाजूला आहे हे बऱ्याच अंशी कळते. म्हणून या लेखात मोजणीला आणि त्या नोंदींच्या वाचनाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

त्याआधी एक सूचना. चालत्या गाडीत दिवा लागला आणि आरपीएम वाढवूनही गेला नाही, किंवा दिव्यासोबत इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा थर नाहीसा झाला की बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. घर किंवा गॅरेज कितीही जवळ असले तरी अशा अवस्थेत गाडी चालवत नेऊ नये, टोचन करून न्यावी.

दाब कशामुळे तयार होतो

ऑइल पंप दाब निर्माण करतो असे आपण सहज म्हणतो, पण पंपाचे खरे काम ऑइल ढकलण्याचे आहे. क्रँकशाफ्ट एकदा फिरला की पंप ठराविक आकारमानाचे ऑइल पुढे सारतो, आणि ते ऑइल बेअरिंगच्या बारीक फटींमधून बाहेर पडताना त्याला जो अडथळा होतो, त्यातून गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, दाब उभा राहतो. तोंड दाबून धरलेल्या पाण्याच्या पाइपमध्ये जे होते तेच इथे होते. त्यामुळे दाब कमी होण्याला मुळात तीनच वाटा असतात: पंपाकडून पुरेसे ऑइल येत नाही, आलेले ऑइल गरजेपेक्षा सहज निसटते, किंवा ऑइलच इतके पातळ झाले आहे की त्याला अडथळा होत नाही. पुढची सगळी तपासणी या तिन्हींपैकी कोणती वाट खरी आहे हे ठरवण्यासाठी असते.

फटीच्या बाबतीत एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. इतर सर्व गोष्टी तशाच राहिल्या तर बेअरिंगमधून निसटणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. जर्नलच्या (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक हजारांश इंच फट असावी असा जुना ठोकताळा आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला हे माप ०.०५ मिलिमीटर इतके येते. ती फट ०.१० झाली तर हाताने हलवून फारसे काही जाणवणार नाही, पण गेजवर मात्र फरक ठळक दिसेल.

ऑइलच्या घट्टपणाचेही असेच आहे. १५डब्ल्यू-४० दर्जाचे ऑइल ४० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापले की त्याचा घट्टपणा साधारण सात-आठ पटींनी कमी होतो. जीर्ण इंजिन थंड असताना निरोगी वाटते आणि गरम झाल्यावर उघडे पडते ते यामुळेच, आणि म्हणून थंड इंजिनवर घेतलेल्या एकट्या नोंदीवर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये.

गेज हातात घेण्याआधी

ऑइलची पातळी तपासताना गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. वळणावर किंवा जोराचा ब्रेक लावल्यावर दिवा क्षणभर लागत असेल तर पहिला संशय कमी पातळीचाच घ्यावा, कारण अशा वेळी ऑइल चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या पात्राच्या) एका बाजूला सरकते आणि पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढते. जुन्या गाडीत आणखी एक शक्यता असते: मूळ डिपस्टिक हरवून तिच्या जागी दुसऱ्याच इंजिनाची बसवलेली असते आणि तिच्यावरची खूण खोटी ठरते. पुढच्या वेळी ऑइल बदलताना सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले माप मोजून भरावे, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि पातळी वरच्या खुणेशी जुळते का ते पाहावे. पातळी गरजेपेक्षा जास्त असणेही चांगले नाही. क्रँकशाफ्टचे वेब (जर्नलना जोडणारे बाहू) त्या ऑइलला फेटतात, ऑइलमध्ये हवेचे बुडबुडे मिसळतात आणि दाब अस्थिर होतो.

डिपस्टिक हातात असतानाच ऑइलचा वास घ्यावा. पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल आणि ऑइल न घालताही पातळी वर चढलेली दिसत असेल, तर इंधन चेंबरमध्ये उतरते आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असणे हे याचे नेहमीचे कारण असते. फ्लोटची नीडल गळणे आणि चोक अडकून राहणे ही आणखी दोन. डिझेल इंजिनात गळका इंजेक्टर किंवा इंजेक्शन पंपाचे सील पाहावे. इंधनाने पातळ झालेले ऑइल कितीही महागडे असले तरी गरम झाल्यावर दाब धरत नाही, आणि मूळ गळती न थांबवता नुसते ऑइल बदलले तर काही आठवडे सुधारणा दिसून तक्रार परत येते.

ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसत असेल तर त्यात कूलंट मिसळले आहे असे समजून आधी हेड गॅस्केटकडे आणि ऑइल कूलर असल्यास त्याच्याकडे वळावे. फक्त फिलर कॅपच्या आतल्या बाजूला पांढरट साय जमली असेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर ते बहुधा थंड हवेत छोट्या अंतरांच्या फेऱ्यांमुळे साठलेले बाष्प असते.

ऑइलचा दर्जा मॅन्युअलशी ताडून पाहावा. ज्या इंजिनासाठी उत्पादकाने २०डब्ल्यू-५० सांगितले आहे, त्यात नव्या गाड्यांसाठीचे ५डब्ल्यू-३० घातले तर गरम आयडलिंगवर दाब कमी दिसणारच. एसएई ५० दर्जाच्या (२०डब्ल्यू-५० मधला शेवटचा आकडा) ऑइलचा घट्टपणा १०० अंशांना १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असतो, तर एसएई ३० चा ९.३ ते १२.५. हा फरक लहान नाही. आयडलिंगचा वेगही मोजून घ्यावा. तो ८५० आरपीएम असायला हवा आणि प्रत्यक्षात ६०० च्या आसपास आला असेल, तर पंपच त्या प्रमाणात हळू फिरतो. अशा वेळी दोष ऑइलच्या यंत्रणेत नसून कार्ब्युरेटरच्या स्क्रूत असतो.

दिवा खरी माहिती देतो आहे का

बहुतेक जुन्या गाड्यांत दिव्याचा स्विच एका वायरचा असतो. दाब नसताना त्याचे आतले संपर्क जुळलेले असतात आणि वायर इंजिनाच्या बॉडीला अर्थ होऊन दिवा लागतो. दाब साधारण ०.२ ते ०.५ बारच्या, म्हणजे ३ ते ७ पीएसआयच्या वर गेला की संपर्क सुटतात. इग्निशन चालू ठेवून, इंजिन बंद असताना, स्विचवरची वायर काढावी. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर वाटेत कुठेतरी सोलवटून बॉडीला टेकली आहे आणि इंजिनाचा यात काही दोष नाही. तीच वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवल्यावर दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर बल्ब किंवा वायर तुटलेली आहे, आणि हा प्रकार उलट जास्त धोक्याचा आहे, कारण असा दिवा खरे संकट आले तरी काही सांगणार नाही.

स्विचच्या टर्मिनलभोवती ऑइल पाझरलेले दिसले तर आतला पडदा फाटला आहे असे समजून तो बदलावा. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नये. त्यामुळे अर्थ नीट मिळत नाही, आणि टेपचा तुटलेला तुकडा ऑइलच्या वाटेत जाण्याची भीती असते ती वेगळीच. डॅशबोर्डवर काट्याचा विद्युत गेज असेल तर त्याच्या सेंडरवरही (इंजिनावर बसून गेजला दाब कळवणाऱ्या भागावरही) आंधळा विश्वास ठेवू नये. काही जुन्या गाड्यांत इंधन, तापमान आणि ऑइल यांचे गेज एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात, आणि तिन्ही काटे एकाच वेळी विचित्र दाखवू लागले असतील तर दोष त्या स्टॅबिलायझरमध्ये शोधावा.

स्विच एवढ्या कमी दाबाला काम करतो, यातून दुसरीही एक गोष्ट निघते. दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे असे मुळीच ठरत नाही. ज्या इंजिनाला २००० आरपीएमला ३ बार दाब हवा, तिथे तो १ बारवर आलेला असला तरी दिवा विझलेलाच राहील. म्हणून वायरिंग ठीक आढळल्यावर मेकॅनिकल गेजला पर्याय नाही.

मोजणी

स्विच काढून त्याच्या भोकात योग्य आट्यांचा अडॅप्टर बसवावा आणि त्याला मेकॅनिकल गेज जोडावा. अनेक जपानी इंजिनांत ही आटी १/८ बीएसपीटी असते, इतर बऱ्याच ठिकाणी १/८ एनपीटी किंवा एम१० सापडते. या दिसायला सारख्या असतात, म्हणून अडॅप्टर हाताने काही आटे सहज फिरतो आहे याची खात्री झाल्याशिवाय पाना लावू नये; ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधली आटी एकदा खराब झाली की ते काम मूळ कामापेक्षा मोठे होते. गेजचा होज दाब आणि उष्णता सहन करणारा असावा आणि तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून व पंख्याच्या पट्ट्यापासून दूर बांधावा. तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइलची चिळकांडी उडाली तर आग लागू शकते, म्हणून इंजिन सुरू केल्याबरोबर पहिले काम जोडावर गळती नाही ना हे पाहण्याचे.

पहिली नोंद थंड इंजिन सुरू झाल्यावर घ्यावी, आणि दाब चढायला किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. नंतर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही गरम झाले असे नसते. ऑइल पाण्याच्या बरेच मागून तापते, आणि उभ्या गाडीत आयडलिंगवर घेतलेल्या नोंदी म्हणूनच फसव्या असतात. ऑइल पूर्ण तापल्यावर आयडलिंगला, १००० ला, २००० ला आणि ३००० आरपीएमला दाब लिहावा आणि शेवटी परत आयडलिंगला येऊन पहिली नोंद जुळते का ते पाहावे.

हे आकडे सर्व्हिस मॅन्युअलशी ताडावेत. मॅन्युअल मिळतच नसेल तर दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा कामचलाऊ म्हणून वापरता येतो, पण तो सर्व इंजिनांना लागू पडत नाही आणि केवळ त्याच्या भरवशावर इंजिन उतरवण्याचा निर्णय घेऊ नये. काही इंजिनांत स्विचचे भोक मुख्य गॅलरीवर नसून सिलिंडर हेडमध्ये असते. तिथला दाब गॅलरीपेक्षा स्वाभाविकच कमी येतो, म्हणून मॅन्युअलमधला आकडा नेमका कोणत्या जागेचा आहे तेही वाचावे.

नोंदींवरून काय समजते

दाब थंड असताना चांगला, गरम आयडलिंगला फार कमी, आणि आरपीएम वाढवला की नेमाने चढणारा असेल, तर ऑइल पातळ झाले आहे किंवा फटी वाढल्या आहेत. सर्वाधिक आढळणारी स्थिती हीच. सांगितलेल्या दर्जाचे ताजे ऑइल आणि चांगला फिल्टर घालून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय सुधारला आणि पुढेही टिकला तर प्रश्न ऑइलचा होता. सुधारला नाही तर मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, कॅमशाफ्टचे बुश आणि झिजलेला पंप यांच्याकडे जावे लागते. कॅमशाफ्टचे बुश बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. क्रँकशाफ्टची नवी बेअरिंग घालूनही दाब अपेक्षेइतका वाढला नाही, तर ऑइल कॅमशाफ्टच्या किंवा रॉकर शाफ्टच्या बाजूने निसटत असण्याची दाट शक्यता असते.

आयडलिंगला ठीक असलेला दाब आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल किंवा काटा थरथरत असेल, तर पंपाला वरच्या वेगाला हवे तेवढे ऑइल मिळत नाही. इथे बेअरिंगचा संशय घेण्याचे कारण नाही. चेंबरमधली जाळी गाळाने तुंबणे, सक्शन पाइपच्या ओ-रिंगमधून हवा शिरणे आणि पातळी कमी असणे ही या लक्षणाची तीन कारणे. ओ-रिंग जुनी होऊन कडक झाली की ती ऑइल गळू देत नाही, हवा आत घेते, त्यामुळे बाहेरून काहीही दिसत नाही. अशा इंजिनात सुरुवातीला दाब चढायलाही उशीर लागतो. उशीर तेवढाच असेल आणि नंतर सर्व आकडे ठीक असतील, तर आधी फिल्टर पाहावा. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये ऑइल अडवून धरणारी रबरी झडप नसेल किंवा ती कडक झाली असेल, तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो.

थंड असो वा गरम, दाब सगळीकडे कमी आणि आरपीएम वाढवूनही एका मर्यादेच्या वर न जाणारा असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे असा पहिला संशय घ्यावा. हा व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेला एक प्लंजर किंवा गोळी. दाब ठराविक मर्यादेच्या वर गेला की तो उघडून जादा ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. धातूचा एखादा कण प्लंजरच्या बाजूला अडकला तरी तो पूर्ण बसत नाही. अनेक इंजिनांत हा व्हॉल्व्ह बाहेरून एका मोठ्या नटाखाली सापडतो आणि चेंबर न उतरवता तपासता येतो. तशी सोय असेल तर चेंबरला हात लावण्याआधी तो काढून पाहावा. प्लंजर बोटाने ढकलल्यावर बोअरमध्ये कुठेही न अडता सरकला पाहिजे, त्यावर लांब ओरखडे नसावेत आणि स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी जुळावी.

दाब काल ठीक आणि आज एकदम शून्य, असे झाले तर झीज हे कारण नसते, कारण झीज हळूहळू होते. तेव्हा ऑइल सांडून गेले आहे का, पंपाला फिरवणारा शाफ्ट तुटला आहे का, सक्शन पाइप सुटून पडला आहे का, हे पाहावे. इंजिन नुकतेच बांधून आले असेल आणि पहिल्या दिवसापासून दाब कमी असेल, तर ऑइल गॅलरीचा एखादा प्लग बसवायचा राहिला आहे का हा प्रश्न इंजिन बांधणाऱ्याला अवश्य विचारावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन ऑइल जाळते, धूर काढते, म्हणून त्याचा ऑइल प्रेशर कमी असणार, असे अनेक जण धरून चालतात. पिस्टन रिंग आणि सिलिंडरचा बोअर यांच्या झिजेचा ऑइल प्रेशरशी थेट संबंध नाही. ऑइल जळून पातळी खाली गेली तरच तो संबंध येतो. केवळ दाब वाढावा म्हणून रिंग-पिस्टन बदलण्याचा खर्च वाया जातो.

चेंबर उतरवल्यावर

चेंबर उतरवण्याआधी जुना फिल्टर कापून त्याची कागदी घडी उलगडून पाहावी. फिल्टर कापताना करवतीचा बुरा आत पडतो आणि तोच धातूचा कीस वाटतो, म्हणून फिल्टर कटर किंवा जाड कात्री वापरलेली बरी. घडी पिळून ऑइल काढले आणि उजेडात धरली की चमकणारे कण दिसतात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे असतात, आणि न चिकटणारे पिवळसर, तांबूस किंवा रुपेरी कण बहुधा बेअरिंगचे. थोडीशी रुपेरी धूळ जुन्या इंजिनात चालून जाते, पण नखाने उचलता येईल इतक्या मोठ्या चकत्या सापडल्या तर गाडी पुन्हा सुरू न करता बेअरिंग उघडावीत.

चेंबर हाती आल्यावर त्याचा तळ आधी बाहेरून आणि मग आतून पाहावा. खालून दगड लागून किंवा चुकीच्या जागी जॅक लावल्यामुळे तळ आत दबलेला असतो, आणि जाळीचे तोंड त्या फुगवट्याला जवळजवळ टेकते. मी पाहिलेल्या एका चेंबरमध्ये त्या फुगवट्यावर जाळीच्या कडेचा अर्धचंद्राकृती ठसा स्पष्ट उमटला होता. त्या गाडीचे स्विच आणि फिल्टर पुन्हा पुन्हा बदलले गेले होते, आयडलिंगला दाब ठीक होता आणि वेग वाढला की दिवा लागत होता. चेंबरचा तळ ठोकून सरळ केल्यावर तक्रार संपली. पंप, बेअरिंग, ऑइल, सगळेच निर्दोष होते.

जाळीवर काळा चिकट गाळ असेल तर ती सॉल्व्हंटमध्ये भिजवून ब्रशने साफ करावी. जाळीत रबरासारखे लाल, निळे किंवा राखाडी दोरे अडकलेले दिसले तर ते पूर्वी कोणीतरी गॅस्केटला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे असतात. सक्शन पाइप काढला की ओ-रिंग नवीनच टाकावी. जुनी कितीही बरी दिसली तरी परत वापरू नये.

पंप उघडल्यावर गिअरच्या वर स्ट्रेट एज ठेवून फिलर गेजने फट मोजावी. नेमकी मर्यादा मॅन्युअलची मानावी, पण बऱ्याच पंपांत ०.१० मिलिमीटरच्या पुढची फट संशयास्पद ठरते. झाकणाच्या आतल्या बाजूला गिअरने पाडलेले गोल चर नखाला लागत असतील तर झाकण बदलावे, किंवा काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून ते सपाट घासून घ्यावे. पंपाच्या शरीरावरच खोल ओरखडे असतील तर पंप नवा घेणेच योग्य.

त्यानंतर एक मेन आणि एक कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग उघडून पाहावे. काढण्याआधी प्रत्येक कॅपवर तिचा क्रमांक आणि दिशा यांची खूण करून ठेवावी. चांगले बेअरिंग सर्वत्र एकसारखे मंद राखाडी दिसते. तांब्याचा थर असलेल्या बेअरिंगमध्ये राखाडी थराखालून तांबूस रंग दिसू लागला असेल तर त्याचे आयुष्य संपले. प्लास्टिगेजची (दाबल्यावर पसरणाऱ्या मऊ प्लास्टिकची) बारीक पट्टी जर्नलवर ठेवून, कॅप सांगितलेल्या टॉर्कने आवळून आणि क्रँकशाफ्ट अजिबात न फिरवता पुन्हा उघडून, पसरलेल्या पट्टीच्या रुंदीवरून फट वाचता येते. जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजावे. ते गोल, गुळगुळीत आणि मापात असेल तर त्याच मापाची नवी बेअरिंग पुरतात. ते अंडाकृती झाले असेल किंवा त्यावर चर पडले असतील तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ (घासून तेवढ्या लहान झालेल्या जर्नलसाठीची) बेअरिंग घ्यावी लागतील. झिजलेल्या जर्नलवर नवी बेअरिंग बसवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

तक्रार परत आणणारे उपाय

घट्ट ऑइल किंवा ऑइल दाट करणारे ॲडिटिव्ह घातल्याने गरम आयडलिंगचा आकडा वाढतो हे खरे आहे. पण वाढलेल्या फटी तशाच राहतात, आणि थंड इंजिनात असे ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. फटी मोजून झाल्या आहेत, इंजिनाचे काम काही महिन्यांनी करायचे ठरले आहे आणि उत्पादकाने परवानगी दिलेल्या दर्जांपैकीच सर्वांत घट्ट ऑइल वापरायचे आहे, अशा स्थितीत मला हा उपाय मान्य आहे. मोजणीच्या ऐवजी तो वापरणे मात्र मान्य नाही.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालण्याची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते. गरम आयडलिंगला दाब कमी असतो तेव्हा निरोगी व्हॉल्व्ह आधीच बंद असतो, त्यामुळे वॉशरने तिथे काहीच बदलत नाही. बदलते ती फक्त वरची मर्यादा, आणि थंड इंजिनात फिल्टरवर व सीलवर जादा ताण येतो. वर्षानुवर्षे गाळ साठलेल्या इंजिनात फ्लशिंगचे औषध घालणेही मी टाळतो. सुटलेला गाळ एकदम जाळीवर येऊन बसतो, आणि आधी फक्त आयडलिंगला लुकलुकणारा दिवा मग वेगातही लागू लागतो. चेंबर उतरवून हाताने साफसफाई करायला वेळ जास्त लागतो, पण गाळ खरोखर बाहेर निघतो.

पुन्हा जोडताना

पंप उघडला असेल तर तो कोरडा बसवू नये. गिअरच्या पोकळीत स्वच्छ ऑइल भरावे. जिथे ऑइल टिकत नाही तिथे पेट्रोलियम जेलीने पोकळी भरतात, ती गरम ऑइलमध्ये विरघळून जाते. साधे ग्रीस यासाठी वापरू नये. फिल्टर उभा बसणारा असेल तर तोही ऑइलने भरून लावावा. इग्निशन कॉइलची वायर काढून, किंवा डिझेल इंजिनात इंधन बंद ठेवून, मेकॅनिकल गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा आणि मगच इंजिन सुरू करावे. सुरू झाल्यावर काही सेकंदांत काटा वर चढला नाही तर इंजिन बंद करून पंप पुन्हा भरावा; आरपीएम वाढवून दाब यायची वाट पाहू नये.

गेज लगेच काढू नये. गाडी पूर्वीइतकीच चालवून, ऑइल तितकेच तापवून, त्याच चार आरपीएमला दाब पुन्हा लिहावा आणि दुरुस्तीपूर्वीच्या नोंदींशेजारी ठेवावा. आकडे मॅन्युअलच्या मर्यादेत आले असतील तर स्विच परत बसवावा, इग्निशन चालू केल्यावर दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो हे तपासावे. पुढच्या ऑइल बदलीच्या वेळी गेज पुन्हा एकदा लावून गरम आयडलिंगची नोंद घ्यावी आणि त्याच कागदावर तारीख व किलोमीटरसह लिहून ठेवावी.